शालेय शिक्षण विभागास खुलं पत्र : माहिती पारखण्याचा तास ग्रंथालयात हवा

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
आणि राज्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक

महोदय, महोदया,
सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. माहिती कशी शोधायची, मिळालेली माहिती खरी आहे का हे कसं बघायचं आणि वापरली तर ती कुठून घेतली हे कसं सांगायचं, हे आपल्या बहुतेक शाळांत कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. भाषेच्या शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. संगणकाच्या तासाला टायपिंग होतं, तक्ते होतात, सादरीकरण होतं. हे काम ग्रंथालयाकडे सोपवा, त्यासाठी आठवड्याला एक हक्काची तासिका द्या आणि शाळेत आधीपासून असलेल्या संगणकांपैकी एक ग्रंथालयाच्या टेबलावर आणून ठेवा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा ‘असर २०२४’ हा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मुलांच्या हाती फोन द्यावा की नाही, हा वाद आपण अजून घालतो आहोत, पण फोन तर त्यांच्या हाती केव्हाच आला. त्यातून येणाऱ्या मजकुराकडे बघायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नाही. घरी विचारावं, तर आई-वडिलांच्या आणि आजोबांच्या व्हॉट्सॲप गटांवरही तोच मजकूर फिरत असतो.

या तासिकेत नेमकं काय करायचं, असं मला शिक्षक आणि अधिकारी दोघंही विचारतात. म्हणून एक तास सविस्तर सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गाला मी एक चित्र दाखवते. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे आणि खाली ओळ : ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत, सौजन्य नासा’. हे चित्र बहुतेकांच्या घरी कुणाच्या ना कुणाच्या फोनवर आलेलं असतं. खरं वाटतं का, असं विचारलं की जवळजवळ सगळे हात वर होतात.

मग प्रोजेक्टरवर, सगळ्यांच्या देखत, ते चित्र आम्ही गूगल लेन्सने, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनाने, शोधतो. समोर ढीगभर पानं येतात आणि त्यातल्या पुष्कळ पानांवर तीच ओळ असते. एवढ्या ठिकाणी छापलंय म्हणजे खरंच असणार, असं मुलं म्हणतात. या वाक्यापाशी मी मुद्दाम थांबते, कारण आपल्या समाजातल्या निम्म्या अफवा या एका समजुतीवर चालतात. मी दोनच गोष्टी विचारते : यातलं सगळ्यात जुनं पान कोणतं? आणि चित्र ज्यांच्या नावावर खपवलंय, त्या नासाचं स्वतःचं पान यात कुठे आहे?

शोधत शोधत मुलं नासाच्या ‘अर्थ ऑब्झर्व्हेटरी’च्या पानावर पोहोचतात. पान इंग्रजीत आहे. शब्दकोश टेबलावर असतो, आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती असते तीही आकड्यांवरून आणि रंगांच्या नावांवरून वाट काढतात. खुलासा २०१२ सालचा आहे. हे एका रात्रीचं छायाचित्र मुळी नाहीच. वस्ती कशी वाढत गेली हे दाखवण्यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून ते तयार केलं. १९९२ च्या आधीपासून जिथे दिवे होते ते पांढरे, १९९२ मध्ये दिसलेले निळे, १९९८ मध्ये दिसलेले हिरवे, २००३ मध्ये दिसलेले लाल. तिथेच १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहाने टिपलेलं भारताचं खरं दृश्यही आहे, आणि दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून वेगळा ओळखू येणार नाही इतका थोडा असतो, हेही लिहिलेलं आहे.

मागे एका वर्षी हे वाचून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, म्हणजे चित्र खोटं नाही, त्याच्याखालची ओळ खोटी आहे ना?” एवढं बारीक बोट तिने आठवीत ठेवलं. खरं छायाचित्र आणि खोटा मथळा ही आज सगळ्यात जास्त चालणारी फसवणूक आहे. दुसऱ्या देशातल्या दंगलीचा फोटो आपल्या जिल्ह्याच्या नावाने फिरतो, जुन्या पुराचं चित्र परवाच्या पावसाचं म्हणून फिरतं. ती मुलगी आता कुठलाही फोटो आला की आधी फोटो आणि ओळ वेगळी करून बघेल. या तासाला लागलं काय? एक संगणक, एक प्रोजेक्टर, इंटरनेटची जोडणी आणि एक शब्दकोश.

इंटरनेटच्या मायाजालापासून मुलांना वाचवायचं असेल तर त्यांना पुस्तकांकडे न्या, असं काही जण सांगतात. पुस्तकांकडे न्यायला हवंच, पण छापलेलं ते खरं ही समजूतही तिथे सोडवावी लागते. आमच्या ग्रंथालयात वेगवेगळ्या काळांतली भूगोलाची आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं आहेत. मी त्यातली काही गटागटांना वाटते आणि महाराष्ट्रात जिल्हे किती, ते शोधायला सांगते. एक गट २६ म्हणतो, दुसरा ३०, तिसरा ३५, आणि ज्याच्याकडे अलीकडचं पुस्तक आहे तो ३६. वर्गात गोंधळ उडतो. मग पुस्तकांची पहिली पानं उघडून प्रकाशनाचं वर्ष बघायचं. राज्य स्थापन झालं १ मे १९६० रोजी, तेव्हा जिल्हे २६. पुढे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर. कोणतंच पुस्तक खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक पुस्तक आपापल्या वर्षाचं खरं सांगत होतं. त्यानंतर मुलं संकेतस्थळ उघडलं की पान कधीचं आहे ते शोधतात. मराठी विश्वकोशातली नोंद वाचताना ती कोणत्या काळात लिहिली गेली असेल, असं आपणहून विचारतात. विश्वकोश आज संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो, इतका मोठा ठेवा मराठीत आहे. पण आठवी-नववीपर्यंत पोहोचलेल्या कितीतरी मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पु. ल. देशपांड्यांच्या नावावर व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं, ते आपल्याला माहीत आहेच. नववीच्या मुलांना मी असा एक उतारा देते आणि पु.लं.च्या पुस्तकांचा कप्पा उघडा करते. मुलं पुस्तकं चाळतात, अनुक्रमणिका बघतात, हा मजकूर इंटरनेटवर सगळ्यात आधी कुठे दिसतो ते शोधतात. शेवटी ‘पु.लं.नी हे लिहिलेलंच नाही’ असं वहीत लिहायला निघतात. तसं लिहू देत नाही. ‘अमुक अमुक पुस्तकांत शोधलं, आढळलं नाही’ असं लिहायला लावते. सापडलं नाही आणि मुळात नाहीच, यातलं अंतर विज्ञानाच्या तासाला जितकं महत्त्वाचं आहे तितकंच इथे. आणि अशा शोधात निम्मी मुलं पुस्तक परत ठेवायचं विसरून तिथेच उभी राहून वाचायला लागतात, हा वेगळाच लाभ.

आणखी एक सवय मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची तथ्यं तपासणारे व्यावसायिक यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातले बरेच जण त्याच पानावर वर-खाली करत राहिले आणि नेटकी मांडणी, भारदस्त नाव, सुरेख चिन्ह यांना भुलले. तथ्य तपासणारे मात्र चटकन त्या पानावरून बाहेर पडले, नवी खिडकी उघडून ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ ते शोधलं, आणि थोड्या वेळात बरोबर निष्कर्षाला आले. पान खोलात जाऊन वाचण्याआधी ते कुणाचं आहे हे बाहेरून विचारा, ही गोष्ट सातवीच्या मुलाला एका तासात शिकवता येते. गावात अनोळखी माणूस आला की त्याची चौकशी आपण त्याच्याकडेच करत नाही, शेजारीपाजारी करतो. मुलांना हे लगेच पटतं.

आता एआयबद्दल. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रकल्पवह्यांची भाषा एकदम गुळगुळीत झाली आहे. दहावीचा मुलगा ‘सर्वंकष’ आणि ‘बहुआयामी’ असे शब्द लिहून आणतो आणि विचारलं तर अर्थ सांगता येत नाही. या साधनावर बंदी घालून काही होणार नाही, फोन घरी आहे. म्हणून आम्ही ते ग्रंथालयातच, उजेडात वापरतो. जवळच्या एखाद्या किल्ल्याचा इतिहास संदर्भग्रंथांसह विचारायचा, आणि जे संदर्भ येतील ते एकेक करून शोधायचे : आमच्या यादीत, विश्वकोशात, दर्शनिका विभागाच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात. काही सापडतात. काही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नसतात. लेखकाचं नाव खरं, प्रकाशन खरं, आणि पुस्तक मात्र कुठेच नाही. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती दहा व्याख्यानांनी पसरणार नाही. त्यानंतर हे यंत्र एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य रचतं, प्रत्येक वाक्यासाठी पुस्तक उघडून बघत नाही, असं सांगितलं की ते मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. शब्दांचे अर्थ समजून घ्यायला, प्रश्न सुचायला, इंग्रजी उतारा कळायला त्याची मदत जरूर घ्या. उत्तर मात्र स्वतः उघडलेल्या पानावरूनच घ्या, असा आमचा नियम आहे. यासाठी मुलांना स्वतःची खाती काढायला लावू नयेत, एवढी काळजी घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शिक्षकांचं एक खातं आणि एक पडदा पुरतो.

महोदय, हा विषय केवळ प्रकल्पवह्यांचा असता तर मी खुलं पत्र लिहिलं नसतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्यानंतर पुढे पाठवण्याच्या संदेशांवर व्हॉट्सॲपने मर्यादा घातली, खटले झाले, भाषणं झाली. शाळेच्या वेळापत्रकात मात्र काहीच बदललं नाही. त्या जमावातली आणि राज्यभर तो संदेश पुढे ढकलणारी माणसं आपल्याच शाळांमधून बाहेर पडलेली होती. ‘हे कुणी पाठवलं, कुठलं आहे, कधीचं आहे’ असं विचारायची सवय त्यांना कुठल्याच इयत्तेत लागली नाही. शाळेने ती लावली असती तर पाच जीव वाचले असते, असं मी म्हणू शकत नाही. पण ती लावण्याची जबाबदारी आपली होती आणि आहे.

केरळमधल्या कण्णूर जिल्ह्याने त्याच वर्षी ही जबाबदारी उचलली. तिथे गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल अफवा पसरल्या, लोक मुलांना लस द्यायला कचरू लागले, तेव्हा जिल्हा प्रशासनाने सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने बनावट बातम्या ओळखायचे वर्ग सुरू केले. पुढे राज्याच्या ‘काइट’ या संस्थेने त्याच नावाने हे शिक्षण राज्यभरातल्या शाळांत नेलं. महाराष्ट्रात ते करायला आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे : माध्यमिक शाळांतली ग्रंथपालाची पदं. अर्धवेळ असोत, रिक्त असोत, पण पद म्हणून ती आहेत.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. वर्तमानपत्र हा शब्द तिथे सगळ्यात आधी येतो. म्हणजे बातमी मुलापर्यंत शाळेच्या ग्रंथालयातून पोहोचावी, हे कायदा करणाऱ्यांनाही अभिप्रेत होतं. आज बातमी फोनवरून पोहोचते, तर ती वाचायला शिकवण्याची जागाही ग्रंथालयच.

प्रत्यक्षात काय चित्र आहे, ते आपण शाळाभेटींत पाहताच. पुष्कळ प्राथमिक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कुलूपबंद कपाट. त्याला कारणही आहे. जडसंग्रहातलं, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या नोंदीतलं, पुस्तक हरवलं तर प्रभारी शिक्षकाला जाब द्यावा लागतो, म्हणून पुस्तक न वाचलेलं चालतं, हरवलेलं चालत नाही. माध्यमिक शाळांत वाचन तासिका वेळापत्रकात लिहिलेली असते, पण सहामाही जवळ आली की ती गणिताच्या जादा तासाला जाते, आणि एखादे शिक्षक रजेवर असले की वर्ग ग्रंथालयात ‘बसवायला’ पाठवतात. आयसीटी प्रयोगशाळेत, म्हणजे शाळेच्या संगणक कक्षात, संगणक असतात, त्यांच्यावर आच्छादनं असतात आणि किल्ली भलत्याच माणसाकडे असते. शिक्षकांची प्रशिक्षणं विषयवार निघतात. ग्रंथपाल हा विषय नसल्यामुळे त्याला बोलावणं येत नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, तेव्हा सगळ्यांना ग्रंथालयाची आठवण होते, फोटो निघतात, अहवाल जातो.

हे बदलायला लागणारा पैसा थोडा आहे. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५ ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची सोय आहे. ते पुस्तकांसाठीच राहू द्या. त्यातून कृपा करून एखादं महागडं सॉफ्टवेअर शाळांच्या गळ्यात मारू नका. पुस्तकांची यादी संगणकावर आणायला ‘कोहा’ फुकट मिळतं, शासनाच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ आहे. गोष्टी वाचायला ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी पुस्तकं आहेत. जुनं, पुसून टाकलेलं पान बघायला इंटरनेट आर्काइव्ह आहे. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास उघडून कुणी कधी काय बदललं ते मुलांना दाखवता येतं, आणि चूक आढळली तर संदर्भासह दुरुस्तही करता येतं. साधनांची वानवा नाही. ती कुणी, कोणत्या तासाला, कुणाच्या परवानगीने वापरायची, हे ठरलेलं नाही.

तेव्हा माझ्या मागण्या. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्याची एक ग्रंथालय तासिका द्यावी आणि ती दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, असं परिपत्रकात स्पष्ट म्हणावं. आयसीटी प्रयोगशाळेतला एक संगणक, इंटरनेटसह, ग्रंथालयात ठेवायला मुख्याध्यापकांना लेखी मुभा द्यावी. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमार्फत (डायट) ग्रंथपालांसाठी आणि प्राथमिक शाळांत ग्रंथालयाचा कार्यभार सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण घ्यावं. ते सभागृहातल्या भाषणांचं नको, संगणकासमोर बसून करायचं हवं; नमुन्याचे पाठ मराठीत, आपल्याकडच्या खऱ्या अफवांवर बेतलेले असावेत. सर्वसाधारण वापरात हरवणाऱ्या पुस्तकांना काही टक्के सूट द्यावी, म्हणजे कपाटांची कुलुपं निघतील. रिक्त पदं भरावीत, हे तर आमच्या संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत.

आणि एक मागणी अशी, जिला एक रुपयाही लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनातल्या प्रकल्पाला जे गुण असतात, त्यातले थोडे गुण शेवटच्या पानासाठी राखून ठेवा. त्या पानावर मुलाने लिहायचं : ही माहिती कुठून घेतली, पान कुणाचं आहे, कधीचं आहे, आणि खरी आहे हे दुसऱ्या कुठल्या ठिकाणी ताडून पाहिलं. ‘गूगल’ किंवा ‘इंटरनेट’ एवढंच लिहिलं तर गुण नाहीत. आमच्या शाळेत काही शिक्षकांनी हे आपणहून सुरू केलं, आणि मधल्या सुट्टीत ‘बाई, याचं वर्ष कुठे लिहिलेलं असतं?’ विचारत मुलं ग्रंथालयात येऊ लागली. गुण आहेत म्हटल्यावर पालकही विचारतात, हे आपल्या व्यवस्थेचं वास्तव आहे. ते चांगल्या कामाला जुंपावं.

नव्या शैक्षणिक वर्षाची वेळापत्रकं शाळा सुरू होण्याआधीच बनतात, आणि एकदा बनली की वर्षभर हलत नाहीत. परिपत्रक त्याआधी निघालं तरच तासिका मिळेल. प्रशिक्षणासाठी लागणारे नमुना पाठ तयार करायला ग्रंथपालांचा गट हवा असेल, तर माझ्यासारखे अनेक जण सुट्टीत बसून ते काम करायला तयार आहेत. आमच्या मुख्याध्यापकांमार्फत कळवावं.

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल